सोमाजीचं झापड

सोमाजीले गावात कोणी वाईट म्हणत नाई. त्यानं कोणाचं तेल कमी मापलं नाई, कोणाच्या बांधावर पाय ठेवला नाई. पण माहं घर त्याच्या भिंतीले लागून हाय, म्हणून मले विचारा. अख्खा गाव देवमाणूस म्हणो, मी नाई म्हणत.

आमच्या इकडं, चिमूरच्या अल्याडच्या गावांत, त्याचा एकच लाकडी घाणा होता. जवस म्हणा, तीळ म्हणा, सारा गाव तेल गाळायले त्याच्याच दारी. मंग चिमूरले मोटरवरचा घाणा आला, रेशनच्या दुकानात पामतेल आलं, अन् लोकं याच्याकडं फिरकेनात. त्यानं बैल विकला. पोरगा त्याच्या आधीच तापानं गेला होता. घरात उरल्या दोघी, सून रुखमा अन् नात कमळी. रुखमा दिवसभर लोकाच्या बांधीत धानाच्या रोवण्याले जाये, अन् कमळी म्हाताऱ्याच्या तावडीत.

म्हाताऱ्याच्या डोक्यात एकच भूत. कमळीले नर्सबाई करायचं. आमच्या गावात शाळा चौथीपावतर, पुढची चिमूरले. "चौथी पास झाली त चिमूरले धाडीन, नाई झाली त दुसऱ्या दिवशी शेळ्यामागं," असं तो साऱ्यांसमोर बोलून बसला होता. अन् सोमाजी बोलला म्हणजे करे. पोट्टी तिसरीत एकदा नापास झालेलीच होती, अन् आता चौथीत होती.

शाळेतून आली का तो तिले ओसरीवर अभ्यासाले बसवे अन् समोर काडी घेऊन बसे. स्वतःले अक्षर येत नव्हतं, पण लक्ष कुठी हाय ते त्याले बरोबर समजे म्हणे. कमळीची एकच खोड. पुस्तक मांडीवर अन् नजर दाराकडं. दाराकडं पाहत पाहत एकेक अक्षर जोडून वाचे, हळूहळू. सोमाजीचं टाळकं सरके.

"दारात काय तुहा बाप उभा हाय?"

मेलेल्या बापाचं नाव लेकराले असं घेते का कोणी? वर काडीचा रट्टा. मान सरळ होये अन् वाचणं बंद पडे. जराशानं मान पुन्हा दाराकडं, वाचणं पुन्हा सुरू, अन् पुन्हा रट्टा. हे रोजचं. भिंतीच्या अल्याड भाकरी थापता थापता मी ऐको.

एक दिवस त्यानं खुंटीवरचं बैलाचं झापड काढलं. घाण्याच्या बैलाले चक्कर येऊ नये, त्यानं इकडंतिकडं पाहू नये, म्हणून डोळ्यांवर बांधतात ना, ते चामड्याचं. म्हाताऱ्यानं ते कापून दोन पाती केली अन् कमळीच्या दोन्ही डोळ्यांच्या बाजूले सुतळीनं आवळून बांधली. "बैलाचं सारं झाकावं लागते," मले वरून समजावून सांगे, "लेकराले समोरचं पुस्तक दिसलं पायजे."

"सोमाजीभाऊ, लेकरू हाय ते. बैल नोहे."

"अंजनाबाई, बैलानं मले कधी दगा देल्ला नाई."

घ्या आता! काय बोलावं अशा माणसासंग?

गावातले पोट्टे ओसरीसमोर गोळा होत अन् 'हर्र हर्र' करून तिले हाकलत. सुतळीनं कानामागं जखम झाली. रुखमा पाया पडली, "मामाजी, काढा न जी ते." तर म्हणे, तू आपलं रोवण्यात लक्ष दे. अन् गुरुजी? गुरुजीनं शाळेत वाहवा केली, कमळीची मान पाहा कशी हलत नाही. दोन-तीन बाप त आपापल्या पोट्ट्यांसाठी झापड मागायले आले, मेले!

अन् खरंच, दिवाळीपावतर कमळी सुधरली. झापड नसलं तरी मान हलेना. नजर थेट पुस्तकात. पहिले अडखळे, आता घडाघडा वाचे. सोमाजी छाती काढून गावभर फिरे. माह्या मनालेही वाटलं, बाप्पा, जमवलं का काय म्हाताऱ्यानं?

थंडीत चिमूरले डोळ्यांचं शिबिर लागलं. मोतीबिंदू मलेही अन् त्यालेही, म्हणून संगंच गेलो. हात धराले त्यानं कमळीले घेतलं, अन् मिरवाले तिचं पुस्तकही घेतलं. नागपूरचा तरुण डॉक्टर होता. स्वतःचा डोळा दाखवून झाला, तरी सोमाजी उठेना.

"डॉक्टरसाहेब, माह्या नातीचं वाचणं ऐका. नजर हलत नाई तिची."

कमळी उभी राह्यली. पुस्तक समोर, मान ताठ, अन् मोराचा धडा सुरू. डॉक्टर आधी हसला. मंग वाकून तिच्या डोळ्यांकडं पाहत राह्यला. त्यानं तिच्या हातचं पुस्तक हळूच काढलं, उलटं केलं अन् पुन्हा तिच्या हाती देल्लं.

कमळीची ओळ तुटली नाई. उलट्या पुस्तकातून ती मोराचा पिसारा घडाघडा वाचत राह्यली.

डॉक्टरनं बॅटरी लावून दोन्ही डोळे तपासले अन् सोमाजीले सांगतलं, "बाबा, हिच्या डोळ्यांच्या आत मधोमध जन्मापासूनचा डाग आहे. समोरचं हिला दिसत नाही, फक्त कडेनं दिसतं. चष्म्यानं जाणार नाही. पण अशी मुलं मान वळवून, कडेच्या नजरेनं वाचतात. ही तशी वाचत नव्हती का?"

"म्हणजे... ते दाराकडं पाहे, तवा पुस्तक वाचे?"

"हो."

घरी आल्याबरोबर सोमाजीनं कमळीले ओसरीवर बसवलं अन् पुस्तक मांडीवर देल्लं. "दाराकडं पाह्य, माय. पाहून वाच."

कमळीनं पुस्तकातली नजर काढली नाई. तिले वाटलं, म्हातारा परीक्षा घेऊन राह्यला. त्यानं हनुवटी धरून मान वळवली. हात सुटला का मान सरळ. पुन्हा वळवली, पुन्हा सरळ. मी भिंतीवरून वरडली, रुखमा धावत आली, पण त्याचा हात काडीकडं गेलाच.

"पाह्य म्हणतो ना तिकडं!"

रट्टा बसला तशी कमळीनं मान आणखी ताठ केली, डोळे पुस्तकात घातले अन् मोराचा धडा मोठमोठ्यानं म्हणायले लागली.