आवाज साफ झाला

फोन वाजला की काकू ‘हॅलो’ म्हणत नसत. रिसीव्हर कानाला घट्ट लावायच्या, डोळे मिटायच्या, मला बोटानं गप्प करायच्या आणि हळूच विचारायच्या, “आहेस का माय?”

तीर्थपुरीत त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. लेकीनं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा काकांनी तिला शपथ घातली होती: या घराशी एक शब्द बोललीस, तर आईचं मेलं तोंड पाहशील. शपथ घालायची बापानं आणि जीव पणाला लावायचा आईचा! याला आपल्याकडे घराण्याची अब्रू म्हणतात. तुमच्याही गल्लीत असेल अशी अब्रू, नीट बघा.

लेकीनं शपथ पाळली. काका शेतात गेले की ती फोन करायची, पण बोलायची नाही. जुन्या तारेच्या खरखरीतून काकूंना तिचा श्वास बरोबर सापडायचा. “सर्दी झाली तिला,” त्या मला सांगायच्या. एकदा तर लाजल्याच. “पोटुशी हाय गं. दम कसा लागून राह्यला!”

मग जालन्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या त्यांच्या मुलानं तार काढून इंटरनेटचा फोन बसवला.

“नंबर तर बदलणार न्हाई ना?” काकूंनी विचारलं.

“बिलकुल तोच, आई. आन् आवाज बघ किती साफ!”

साफच होता. समोरचं माणूस बोललं नाही, तर त्या फोनात काहीच नसायचं; श्वाससुद्धा गाळला जायचा. मीही ऐकून पाहिलं. कोरड्या विहिरीतसुद्धा एवढी शांतता नसते.

दुपारी घंटी वाजायची. “आहेस का माय? बोलू नको. नुसतं खोक.”

काही नाही. पुढे घंटीही थांबली.

“दिवस भरले असतील तिचे,” काकू म्हणाल्या. “सुटली असंल का गं नीट?”

पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. मी काकांशी भांडले. ते म्हणाले, “मला एकच पोरगा हाय.”

एका दुपारी गेले, तर लाईट नव्हती. फोनच्या डबीवरचे दिवे विझलेले. लाईट नसली की तो फोन मुकाच. काकू मात्र रिसीव्हर कानाला लावून बोलत होत्या.

“पोरगी ना?... नाक कुणावर गेलं?... अगं बाई!”

मधे थांबत होत्या, उत्तर यायला लागावा तेवढाच वेळ.

“काकू, लाईट नाहीये. फोन बंद आहे.”

त्यांनी रिसीव्हरवर तळहात ठेवला.

“हळू बोल गं. लेकरू आत्ताच झोपलं तिचं.”