नॉर्मल म्हणून घेतलेलं रक्त

मंगळवारी सकाळी दहा वाजता माझे पती दिलीप गुलमंडीतल्या आपल्या कापडदुकानाचं शटर उघडताना खाली बसले. साडेदहाला डॉक्टरांनी ते गेल्याचं सांगितलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकली होती.

त्याच्या दोन महिने आधी मी त्यांचं रक्त टाकून दिलं होतं.

मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तेव्हा आमच्याकडे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांवर काम चालू होतं. हे कण केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी लहान असतात. धुरातून येतात, नाकात अडकत नाहीत, आणि काही फुप्फुसातून थेट रक्तात उतरतात. रक्तातल्या तांबड्या पेशीला स्वतःपेक्षा अरुंद रक्तवाहिनीतून दुमडून जावं लागतं. तिला कण चिकटले की ती ताठरू शकते, किंवा पेशी एकमेकींना चिकटतात. आम्हाला तेच बघायचं होतं.

कण गोळा करायचा पंप आम्ही दिलीप यांच्या दुकानाच्या पायरीवर बसवला. समोर रिक्षांची रांग, शेजारी जनरेटर. फिल्टरवर जमलेली काजळी मी मिठाच्या पाण्यात कालवून रक्ताच्या ट्यूबमध्ये घालायचे. दुसऱ्या ट्यूबमध्ये तेच रक्त, पण काजळी नाही. ही कंट्रोल, म्हणजे तुलनेची ट्यूब. त्यासाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं, आणि आमच्या लॅबची रीत अशी की ते घरच्याच कुणाचं तरी घ्यायचं. दिलीप यांना ना शुगर, ना बीपी, ना तंबाखू. दर सोमवारी फिल्टर घेऊन तेच यायचे.

"घ्या मॅडम, नॉर्मल माणूस हजर," बाही वर करत म्हणायचे. "घरी तर कधी नॉर्मल म्हणत नाय."

"हात सरळ ठेवा."

"लई कडक हो तुमच्या मॅडम," हे आमच्या लॅबच्या प्रमुख सरांना.

चौथ्या सोमवारी काजळी न घातलेल्या रक्ताच्या स्लाइडवरही पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटलेल्या दिसल्या. माझाच थर जाड झाला असेल म्हणून पुन्हा पातळ काढला. तेच.

सरांनी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. "कंट्रोल खराब आहे. माणूस बदला."

"यांना काही झालं असेल का, सर?"

"सर्दी-बिर्दी असेल. रिपोर्ट शुक्रवारी द्यायचाय."

मी माणूस बदलला. स्वतःचं रक्त घेतलं. रिझल्ट स्वच्छ आला.

घरी सांगितलं, "आता तुमचं रक्त नको."

"का? नापास झालो व्हय?"

"व्हय," मी त्यांच्याच सुरात म्हणाले. दोघंही हसलो. डॉक्टरांना दाखवा, असं मी म्हणाले नाही.

ज्या पायरीवरची काजळी मी ट्यूबमध्ये घालत होते, त्याच पायरीवर ते सव्वीस वर्षं बसत होते. हे मला त्यांच्या तेराव्यानंतर सुचलं. सरांना सांगितलं.

ते म्हणाले, "ताई, एका स्लाइडवरून काही सिद्ध होत नाही."

बरोबर आहे. अशा चळती साध्या तापातही दिसतात. पण माणसाला डॉक्टरकडे पाठवायला एक स्लाइड पुरेशी होती.

आता कंट्रोल बिघडला की मी आधी त्या माणसाला फोन करते, मग ट्यूब बदलते.

दुकान दीर बघतात. पंप काढून आणला आहे. चौथ्या सोमवारची स्लाइड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. लेबलवर माझ्या अक्षरात 'नॉर्मल' लिहिलेलं आहे.