भास्करचा डावा पाय

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. "मोठी आई, बाबा गेले," एवढंच त्याची मुलगी स्वाती बोलली. मी गॅस बंद केला आणि ऑटो करून मनीषनगरला गेले. भास्कर माझा धाकटा दीर. मी चौथी शिकलेली बाई, गोड गोड लिहिता येत नाही. आणि तो काही देवमाणूस नव्हता. पण मातीच्या रिंगणात मोटारसायकल आडवी घालून वळवावी ती त्यानेच.

तेव्हा आम्ही खापरखेड्याच्या कॉलनीत शेजारी राहत होतो. मागच्या मैदानात रविवारी शर्यत असायची. मुरमाचं गोल रिंगण, टँकरने पाणी मारलेलं, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. वळताना डावा पाय जमिनीला घासतो, म्हणून बुटाखाली लोखंडी पत्रा लावतात. भास्करने तो माझ्या तव्यातून कापला. मी ओरडले तर म्हणतो, "वहिनी, बक्षिसात दोन तवे येतील!" बक्षीस आलं, तवा आला नाही. तरी मी दर रविवारी वळणाच्या बाहेर उभी राहायची. तिथे तोंडात मुरूम जातो, पण घसरती गाडी माणूस कसा सावरतो ते तिथूनच दिसतं. आमचे हे म्हणायचे, बाईमाणसाचं तिथे काय काम. मी म्हणायची, तुम्ही बसा सावलीत.

गाडी एकच. ड्यूटीची तीच, शर्यतीची तीच. शर्यतीआधी तो आरसे, दिवा आणि दोन्ही ब्रेक काढून ठेवायचा. रिंगणात कोणी अचानक ब्रेक दाबला तर मागचा अंगावर येतो. संध्याकाळी सगळं परत बसवायचं. एका रविवारी तिसरा आला, मित्रांत रमला आणि ब्रेक तसेच राहिले. सोमवारी उशीर झाला म्हणून सुसाट निघाला. कॉलनीच्या गेटवर बकऱ्या आडव्या आल्या, भास्कररावांनी ब्रेक धरायला बोटं पसरली… ब्रेकच नाही! सवयीने गाडी आडवी घातली, डावा पाय टेकवला. पायात साधी चप्पल. घोटा गेला तो कायमचा.

मी नळावर पाणी भरत होते. पहिली मीच धावले.

"वहिनी, सुमनले सांगू नको." सुमन त्याची बायको. बाळंतपणाला माहेरी गेली होती.

"काहून?"

"शर्यतीत पडलो म्हटलं तर लोक वाहवा करतील. बकऱ्यांपायी पडलो म्हटलं तर जल्मभर हसतील."

मी बकऱ्यांचं कोणालाच सांगितलं नाही. तिथे माझंही चुकलं.

पुढे त्याने घराखाली गॅरेज टाकलं. स्वाती तिथेच शिकली, बुटीबोरीच्या कारखान्यात लागली आणि रिंगणात सरावाला जाऊ लागली. सुमनचं एकच, "शर्यतीनं बापाचा पाय खाल्ला, पोरगी नाही देणार." भास्कर मान खाली घालून नट आवळत बसायचा. रिंगणाबाहेर त्याला हिंमत नव्हती, हे मी त्याच्या तोंडावरही बोलले होते. पण स्वातीच्या गाडीचं इंजिन तोच गुपचूप जुळवून द्यायचा.

तेरवीनंतर स्वातीच्या पहिल्या शर्यतीचा फॉर्म सुमन फाडायला निघाली. मग मी सगळं सांगितलं, बकऱ्यांसकट.

"बाई, इतकी वर्षं तुम्ही गप्प राहिल्या?"

"राहिली."

"आन् मी त्या पायाले तेल चोळून राहिली होती… शूरवीर समजून!"

पदर तोंडात धरून ती हसायला लागली. हसता हसता रडली. मग चुरगळलेला फॉर्म सरळ करून पोरीच्या हातात दिला. "जाय. पण बापावानी बावळटपणा करू नको वं."

स्वाती सहा जणांत पाचवी आली. एका वळणावर तिने गाडी अशी आडवी घातली की मी नाव घेऊन ओरडले, ते भास्करचं. तिचीही गाडी एकच, कारखान्यात जायची तीच. टेम्पोतून घरी आणल्यावर तिने चावी माझ्या हातात ठेवली. "मोठी आई, ब्रेक लावून दाखवल्याबिगर मले देजो नको."

तिने ब्रेक बसवले. मी दोन्ही दाबून पाहिले. मागचा जरा ढिला होता. परत आवळायला लावला.