मागच्या वर्षांची साखर

फुलंब्रीजवळच्या विहिरीवर टँकर भरत होता, तेव्हा खंडेरावच्या उजव्या डोळ्यात एक काळा धागा उतरला. सन २०१६, एप्रिल महिना, सकाळची वेळ. त्याला वाटलं, काचेवर कोळ्यानं जाळं केलं असेल. त्यानं ओल्या फडक्यानं काच बाहेरून पुसली, आतून पुसली, मग डोळे चोळले. धागा होता तिथंच. नजर फिरवली की त्याच्याबरोबर फिरे, नजर थांबली की संथपणे खाली बसे. दुखत काहीच नव्हतं, आणि त्याचीच खंडेरावला जास्त भीती वाटली. दुखतं ते माणूस शेकतं, दाबून धरतं. न दुखणाऱ्याला धरायचं कुठून?

खंडेराव जातीचा धनगर. बापानं मेंढरं मोडली तेव्हा तो गाडी शिकला, आणि वीस वर्षं स्टेअरिंगवरच जगला. पावसानं पाठ फिरवली तसं काकासाहेबांच्या टँकरवर काम लागलं. शहर दर साली पुढं सरकत होतं. काल-परवा बाजरी डोलायची तिथं चार-चार मजले उभे राहिले, पण नळाला पाणी नव्हतं. त्या वस्त्यांना खंडेराव पाणी न्यायचा. टँकर पुरता थांबायच्या आतच बायका पाईप आणि हंडे घेऊन चाकांपाशी धावायच्या. डायव्हरची नजर चारी बाजूंना पाहिजे, असं तो स्वतःच नव्या पोरांना सांगायचा.

साखरेचं त्याला ठाऊक होतं. दहा वर्षांमागं एका शिबिरात बोट टोचलं आणि आकडा तीनशेच्या वर निघाला. चक्कर नाही, ताप नाही, मग कसली बिमारी म्हणून त्यानं गोळ्या दोन महिने घेतल्या आणि सोडल्या. ढाब्याढाब्यावर गोड चहा चालूच राहिला. सात वर्षं अशी गेली. मग पायाच्या अंगठ्याला साधी ठेच लागली ती भरेना, आणि शेवटी अंगठाच काढावा लागला. त्या दिवसापासून खंडेराव पार बदलला. बिनसाखरेचा चहा, ज्वारीची भाकर, वेळेवर गोळी, पहाटे चालणं. तीन वर्षं त्याची साखर रेषेत होती. गल्लीत लोक त्याचा दाखला द्यायचे. म्हणून हा धागा साखरेचा असेल, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. आणि पटत नव्हतं तरी जीव धास्तावला होता.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी दारात उभा राहून तो एकेक डोळा झाके आणि समोरच्या पिठाच्या गिरणीची पाटी वाचे. पहिल्या दिवशी सगळी अक्षरं लागली. चौथ्या दिवशी उजव्या डोळ्याला पाटीवर काजळ फासल्यागत दिसलं. आठवड्यानं डाव्या डोळ्याला विजेचा खांब मधेच वाकलेला दिसला. खांब सरळ होता. तो जवळ जाऊन हात लावून आला.

बायको शालूच्या ध्यानात येत होतं. "अवं, कप इकडं हाय," ती एकदा म्हणाली. चहा बशीबाहेर सांडला होता.

"ध्यान नव्हतं," खंडेराव म्हणाला, आणि चावी घेऊन निघाला.

त्याच दिवशी ते घडलं. वस्तीच्या चौकात त्यानं टँकर मागं घेतला आणि सरळ करून पुढं सोडला. उजव्या अंगाला त्याला मोकळा रस्ता दिसत होता. एकदम बायका ओरडल्या, पत्र्याचा आवाज झाला. त्यानं ब्रेक दाबला. खाली उतरला तर चाकाखाली हंडा चपटा झाला होता, आणि हंड्यापासून वीतभर अंतरावर मनकर्णाबाई धुळीत बसली होती. साठीची बाई, वस्तीतली सगळ्यात जुनी. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"ब्रेक लागला नाय," तो म्हणाला. लोकांनी टँकरमालकाला शिव्या दिल्या, पाणी भरून घेतलं आणि घरोघर गेले.

मनकर्णाबाई थांबली होती. ती जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "ब्रेकचं नाव सांगू नको, भाऊ. तू माझ्याकडंच बघत व्हतास. म्या हात केला. तरी तुला मी दिसले नाय. खरं का खोटं?"

खंडेरावनं खाली बघत मान हलवली.

"माझा मालक असाच लपवीत ऱ्हायला. शेवटी भिंत धरून मोरीला जायचा. उद्या माझ्या जागी लेकरू असंल."

त्यानं चावी काढली. टँकर तिथंच ठेवला आणि काकासाहेबांना फोन लावला. "दुसरा डायव्हर धाडा. ब्रेक चांगलेत. माझे डोळे गेलेत."

दुसऱ्या दिवशी तो सरकारी दवाखान्यात गेला. संगं शालू होती आणि हट्टानं आलेली माय, बानाबाई. डोळ्यांत थेंब टाकून तासभर बसवलं. बाहुल्या मोठ्या झाल्या आणि सगळं जग पांढरं पडलं. त्या उजेडात त्याला मायचा चेहरा दिसेना, फक्त तिचा हात लागत होता. आंधळं होणं असंच असेल का, हा एकच विचार डोक्यात फिरत राहिला.

डॉक्टर श्रेया तरुण होत्या. त्यांनी डोळ्यांमागचा पडदा तपासला, फोटो काढले. "उजव्या डोळ्यात कच्च्या रक्तवाहिन्या फुटून रक्त आलंय. डाव्या पडद्याला सूज आहे. हे साखरेमुळंच."

"पण मॅडम, साखर तीन वर्षं ताब्यात हाय. कागद बघा."

"बघितले. तुम्ही केलं ते थोडं नाही. केलं नसतं तर याहून वाईट झालं असतं." त्यांनी कागद बाजूला ठेवले. "तुमच्याकडं शेतीला वर्षानुवर्षं खारं पाणी दिलं तर काय होतं?"

"जमीन खारवती."

"मग गोडं पाणी दिलं तर?"

"लगीच सुधरत नाय. खार आत बसलेला असतोय."

"तसंच. शरीराच्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात. कोणतं काम चालू, कोणतं बंद, हे तिथून ठरतं. साखर जास्त होती त्या वर्षांत जनुकांवर बारीक रासायनिक खुणा बसल्या. जनुकं तीच, पण नको ती कामं चालू राहिली. साखर उतरली तरी खुणा लगेच जात नाहीत. पडद्याला मागची सात वर्षं आठवतात, असं म्हणा. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, आणि अजून बराच शोध चालू आहे."

बानाबाई पुढं सरकली. "बाई, बहात्तरच्या दुष्काळात म्या सडकंवर खडी फोडली. ह्यो पोटात व्हता. खायला सरकारी सुकडी मिळायची, ती बी थोरल्याला द्यायची. त्या उपाशीपणाची खूण बी ह्याच्यावर बसली का?"

डॉक्टर तिच्याकडं वळल्या. "दुष्काळात पोटात असलेल्या मुलांना पुढं साखरेचा आजार जास्त होतो, असं काही ठिकाणी दिसलंय. यांच्याबाबतीत तसंच झालं, हे मी सांगू शकत नाही. आणि तुमचा त्यात काही दोष नाही, आजी."

बानाबाईनं पदर तोंडाला लावला. खंडेरावला मात्र आता दुसरीच भीती धरली. त्याची लेक ज्ञानेश्वरी बिडकीनला दिली होती आणि पाचवा महिना चालू होता.

"मॅडम, ह्या खुणा लेकीला जातात का? तिच्या लेकराला?"

"माणसात ते पक्कं ठाऊक नाही. पण घरात आजार आहे, म्हणून तिची साखर आत्ताच तपासा. थांबू नका."

आठ दिवसांनी डोळ्यात औषधाची सुई द्यायची ठरली. खंडेराव कधी सुईला भ्याला नव्हता, पण पापण्या उघड्या धरायला डोळ्यावर चाप बसला तेव्हा त्याला घाम फुटला. "वर बघा, हलू नका," एवढंच ऐकू आलं. थोडा दाब जाणवला, पाण्यात शाई सुटल्यागत काहीतरी फिरलं, आणि झालं. बाहेर येऊन तो बाकड्यावर बसला आणि शालूचा हात त्यानं बराच वेळ सोडला नाही. पुढं दर महिन्याला सुई, मधे लेसर. डावा डोळा सावरला. उजव्यात रक्त हळूहळू निवळलं, पण पाटीची अक्षरं काही परत आली नाहीत.

ज्ञानेश्वरीची साखर वाढलेली निघाली. खंडेराव स्वतः बिडकीनला जाऊन बसला. व्याह्यांनी "पोटुशीला गोडधोड लागतंच" असं म्हटलं, तेव्हा त्यानं पायताण काढून अंगठ्याची रिकामी जागा दाखवली. मग गोडधोडाचं नाव निघालं नाही. तिनं पथ्य पाळलं आणि भाद्रपदात तिला मुलगी झाली, तीन किलोची.

गाडी त्यानं पुन्हा चालवली नाही. आता तो विहिरीवर मोटार चालू-बंद करतो आणि टँकरला पाईप लावून देतो. नव्या डायव्हरला विचारतो, साखर तपासली का, डोळे दाखवले का. काही हसतात. काही जाऊन येतात. सकाळी मात्र अजूनही दारात उभं राहून तो एकेक डोळा झाकून बघतो, आणि खांब सरळ दिसेपर्यंत श्वास रोखून धरतो.