बापाच्या मुठीतली ओळ

धाकटीला किळस लवकर यायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पेल्याला आतून बोटाचा डाग दिसला, की ती त्यातलं पाणी प्यायची नाही. सासूबाई म्हणायच्या, "हिला नाक दोन माणसांचं दिलंय आणि डोळे चौघांचे." आणि नोकरी कुठे लागली म्हणाल, तर रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत! पण रक्ताची तिला किळस नव्हती. झाकण लावलेल्या नळीतलं रक्त बिचारं गप्प बसून असतं. तिला किळस यायची ती आतल्या खोलीतल्या संगणकाची, आणि त्याहून जास्त भाऊजींची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची.

भाऊजी हुशार, त्यात वाद नाही. प्रयोगशाळेचा सगळा प्रोग्राम त्यांनी एकट्यानं लिहिलेला, आणि घरात त्याचे गोडवे अजून संपले नव्हते. पण माणसाची तऱ्हा काय सांगावी! पेनाच्या टोपणानं कान कोरायचा आणि विचार करताना तेच टोपण दातात धरायचं. धाकटी त्यांच्या हाताखाली लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसला. फडकं काळंकुट्ट झालं. भाऊजी हसून म्हणाले, "वरचं बघून नाक मुरडू नकोस. आतलं काम बघ माझं."

आतलं काम तिनं बघितलं, आणि वरचं बरं म्हणायची वेळ आली.

प्रोग्राम चालू असला, की यंत्राच्या लेखी तो एक राबता जीव असतो. त्याला आणखी काम पडलं, की तो नवा जीव जन्माला घालतो. घालणारा बाप, नवा तो पोर. या धंद्यातली माणसंच असं बोलतात. इथे एक बाप दिवसभर बसलेला असायचा. नमुना आला, की एक पोर जन्माला यायचं, त्या माणसाचे आकडे कागदावर लिहायचं आणि मरून जायचं. काही धोक्याचं असलं, तर वरचा शेरा बाप लिहायचा.

आता पोर जन्माला घालायच्याही तऱ्हा असतात. वेगळं बिऱ्हाड मांडून देण्यासारखंच ते. कोणी मुलाला आपल्या घराची हुबेहूब नक्कल काढून देतं, खरकट्या भांड्यांसकट. कोणी नक्कल देतं, पण उंबरा ओलांडताच सगळं टाकून नव्यानं मांडामांड करायला लावतं. कोणी पहिल्यापासून कोरी खोली देतं आणि बजावतं, एवढी चार भांडी घे, माझ्या बाकी कशाला हात लावू नकोस. काही घरांत तर वेगळं काढतच नाहीत. एकाच चुलीवर सगळ्यांचे हात, मग मीठ कोणी घातलं आणि कोणी पुन्हा घातलं, ते जेवायला बसल्यावर कळतं. यातली कुठलीच तऱ्हा मुळात वाईट नाही. नक्कल काढायची तर आधी भांडी घासून घ्यावीत, इतकंच.

भाऊजी सरसकट नक्कल काढायचे, आणि घासाघासीचं नाव नाही. शिवाय पोर मेलं, की बापानं "झालं का रे बाबा काम?" एवढं विचारायचं असतं, तेव्हा कुठे यंत्राच्या यादीतून त्याचं नाव निघतं. भाऊजींच्या प्रोग्राममधला बाप कधी विचारायचाच नाही. मेलेली पोरं तशीच यादीत पडून राहायची आणि जिवंतांना जागा उरायची नाही. यंत्र तुंबलं, की भाऊजी ते बंद करून पुन्हा चालू करायचे.

धाकटी एकदा म्हणाली, "भाऊजी, दोन ओळी घातल्या तर हे निस्तरेल."

"चालतंय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस?"

अशात एका सकाळी काउंटरवर एक बसड्रायव्हर आला. चांगला दांडगा माणूस, हातात एक कागद. डेपोनं इथेच करवून घेतलेल्या तपासणीचा तो अहवाल होता, आणि त्यावरून त्याला गाडीवरून उतरवलं होतं. आज दुपारी साहेब ठरवणार होते, त्याला पुन्हा चाकावर बसवायचं की कायमचं गाड्या धुवायला लावायचं.

"ताई, तुमचं चुकलं असं म्हणत नाही मी," तो म्हणाला. "पण मला साखरेचा त्रास कधीच नव्हता. एकदा बघा ना."

धाकटीनं कागद घेतला. पहिलीच ओळ ठळक होती: साखर धोक्याच्या पातळीवर, वाहन चालवू नये. तिनं खालचे आकडे वाचले. साखर अगदी सरळ होती, कुणालाही हेवा वाटावी अशी. आणि तळाशी प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंची सही, लफ्फेदार. डेपोनं आकडे वाचले नव्हते, सही करणारीनंही नाही.

"बसा काका. कुठे जाऊ नका," म्हणून ती आत गेली.

भाऊजींनी कागदाकडे लांबूनच पाहिलं. "येताना काहीतरी गोड खाल्लं असेल त्यानं."

"खाल्लं असतं तर आकडा चढला असता. आकडा याचा आहे, वरचा शेरा दुसऱ्याचा."

"मग रक्त घेणाऱ्या पोरीनं नळ्या बदलल्या असतील."

"नळ्या बदलल्या असत्या तर आकडेही बदलले असते! कशाला तिच्या माथी मारता?"

धाकटीनं खुर्ची ओढली आणि दोन खोटे नमुने लागोपाठ यंत्रात घातले. पहिल्याला धोक्याचा शेरा, दुसरा ठणठणीत. कागद आले. ठणठणीताच्या डोक्यावर धोक्याची ओळ बसली होती.

"बघा. तुमचा बाप शेरा लिहितो, पण लगेच कागदावर टेकवत नाही. आणखी साठलं की एकदम टेकवू म्हणून मुठीत धरून बसतो. तेवढ्यात पुढचा नमुना आला, की तुम्ही त्याची नक्कल काढता. नक्कल निघते ती मुठीसकट! मग बापही ओळ टेकवतो आणि पोरही. पोराच्या हातात मात्र कागद असतो दुसऱ्याचा."

भाऊजींनी टोपण दातातून काढलं. "अगं, लागोपाठ दोन आले तरच होतं ते. एरवी नाही होत."

धाकटीनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"कधीतरी बघू म्हणून ठेवलं होतं," भाऊजी म्हणाले, आणि टोपण पुन्हा दातात धरलं.

धाकटीनं दोन्ही कागद उचलले आणि डॉक्टरीणबाईंसमोर ठेवले. बाईंनी ते वाचले, उठल्या आणि आधी दार लावून घेतलं.

"बाहेर कोणी ऐकलं नाही ना? त्याचं रक्त पुन्हा घ्या. उद्या नवा अहवाल देऊ, आणि मागच्या वेळी उपाशीपोटी आला नव्हतास असं सांगू. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही."

"मॅडम, त्याचा निकाल आज दुपारी आहे."

"मग त्यानं डेपोला एक दिवस मागून घ्यावा. इथे आपल्या नावाचा प्रश्न आहे."

घाणेरडं भांडं हातातून टाकावं, तशी धाकटी वळली. काउंटरवर येऊन तिनं ड्रायव्हरसमोरच डेपोच्या साहेबांना फोन लावला.

"मी प्रयोगशाळेतून बोलतेय. तुमच्या ड्रायव्हरच्या कागदावरची पहिली ओळ त्यांची नाही. आमच्या यंत्रानं दुसऱ्याची छापली. नाही, त्यांनी काही खाल्लं नव्हतं. चूक आमची. तुम्ही खालचे आकडे वाचले होते का?"

पलीकडून साहेब म्हणाले, "आम्ही वरची ओळच बघतो हो. एवढे आकडे कोण वाचत बसणार?"

"तुम्ही. वाचा आता, मी थांबते."

साहेबांनी वाचले. मध्येच त्यांचा आवाज खाली आला. "बरं, पाठवा त्याला. संध्याकाळच्या गाडीवर बसू दे. दुरुस्त कागद मात्र लागेल."

तिनं आकडे पुन्हा पडताळले, हातानं लिहून खाली स्वतःची सही केली आणि कागद ड्रायव्हरपुढे सरकवला. तो आभार मानेल असं कुणालाही वाटलं असतं. त्यानं कागद घेतला, घडी घातली आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं तिनं आयुष्यभर खरकट्याकडे बघितलं होतं.

"डेपोत पोरं मला बघून वाट सोडून जात होती. जसा काही मी सगळ्यांना घेऊन दरीतच उतरणार होतो. घरी बायको चोरून रडायची. आणि तुमची म्हणे ओळ चुकली!" तो उठला. "पुढच्या वेळी रक्त दुसरीकडे देईन मी."

"द्याच," धाकटी म्हणाली. "आणि तिथेही खालचे आकडे वाचून घ्या."

तो गेला. मागं दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, त्यांच्यामागे भाऊजी. रांगेतल्या पुढच्या आजोबांनी पावती पुढे केली.

"आज कुणालाच अहवाल मिळणार नाही, आजोबा," धाकटी म्हणाली. "यंत्र धुवायला काढलंय. मागचे कागद तपासून ज्याचं त्याला घरी फोन करणार आहोत."

"कुणाला विचारून?" भाऊजी मागून म्हणाले.

धाकटीनं मागं न बघता आत जाऊन यंत्र बंद केलं, आणि मागच्या अहवालांचा पहिला गठ्ठा पुढ्यात ओढला. वरची ओळ हातानं झाकून ती खालचे आकडे वाचू लागली.