सुनीताचा फॉर्म राहिला

मंडळाच्या फळ्यावर लग्नाच्या गाडीची वेळ लावता, तेराव्याचं जेवण लावता, मग कॉलेजच्या फॉर्मची तारीख लावायला कोणाचे हात दुखतात?

आज सकाळी माझ्या सुनीताला घेऊन कॉलेजात गेले. पहिल्या वर्षाला आहे. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. खिडकीतला गुजराती क्लार्क म्हणाला, "बेन, तारीख तो गई."

मी म्हटलं, "गावी लग्न होतं, पोरगी करवली होती."

तो म्हणाला, "तुमच्या उधन्याच्या मराठी पोरी पहिल्या वर्षी येतात, लग्नसराईत गावी जातात, मग दिसतच नाहीत. आम्ही तसंच धरून चालतो."

दिराच्या मुलाचं लग्न, करवली सुनीताच पाहिजे, हा हट्ट माझाच. ती म्हणत होती, "आई, मी फॉर्म भरून मागून येते." मीच म्हटलं, "लोक काय म्हणतील?"

घरी येऊन रोजच्यासारख्या भाकरी थापल्या. शेजारीण म्हणाली, "बरं झालं, आता स्थळ बघ." मला रागसुद्धा आला नाही.

कॉलेजचे मोठे साहेब सोमवारी उशिराचे अर्ज घेतात. अर्ज सुनीता लिहील, पण सोबत मंडळाचा माणूस आणा, असं क्लार्कने सांगितलंय. मी चौथी शिकलेली, माझं कोण ऐकतंय? कोण येणार ते रविवारच्या आरतीपर्यंत या कागदाखाली लिहा. येणार नसाल तर तेही नावानिशी लिहा.

— सुनीताची आई