साबूकंदाचा जाब

त्या महाशिवरात्रीला आमचं अख्खं घर परसात ओळीने ओकत बसलं होतं, आणि त्याला कारण शेतीची प्रगती होती.

झालं असं. पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत ग्रामसेवक नवीन आले होते. पावसाच्या तोंडावर ते सायकल ढकलत चढण चढून आले आणि काठ्यांची मोळी सोडून म्हणाले, "हा साबूकंद. साबुदाणा यापासूनच होतो. नाचणी काय पेरता?"

मी सातवी पास, वाडीतला विद्वान (बाकीचे चौथीतच सुटले होते). मला लगेच पटलं.

"नाचनी आपण खातो," आई म्हणाली. "ह्या काठ्या कोण खानार?"

"आई, हे शास्त्र हाय."

घरामागच्या उतारावर नाचणीच्या जागी काठ्या उभ्या राहिल्या. ग्रामसेवक अधूनमधून येत, झाडांची उंची मोजत, चहा पीत. कंद पोसले आणि ग्रामसेवकांची बदली झाली.

नवीन आलेल्यांनी कंद उलटसुलट करून पाहिला. "हे माझ्याकडे येत नाही. माझ्याकडे जपानी भातशेती."

महाडच्या बाजारात पोतं घेऊन बसलो, तर गिऱ्हाइकं विचारत, "ही रताळी आजारी हायत काय?"

पोतं तसंच परत आलं. शिवरात्रीला आईने ते कंद किसून थालीपीठं लावली. कडू लागली.

"शास्त्राची चव असंल," बायको म्हणाली आणि तिनेही खाल्लं.

दुपारी सगळ्यांना गरगरायला लागलं. आईचे तर डोळेच फिरले. दुसऱ्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "त्या कचेरीवाल्यांना जाब विचार जा. त्याबिगर घरात पाय ठेवू नको."

मी पोतं डोक्यावर घेऊन निघालो. वाटभर शिव्या जुळवल्या. तालुक्याच्या कचेरीत पोतं साहेबांच्या टेबलापुढे ओतलं आणि ओरडलो, "हे खाऊन माझी आई मरत होती."

"उकळून पाणी फेकलं नाहीत? जातच कडू आहे ही. ते तर करावंच लागतं."

"मग सांगितलं का नाय कोणी?"

"आमचं काम लागवडीपर्यंत," साहेब म्हणाले आणि त्यांची नजर कंदांवर गेली. "पण केवढे पोसलेत हो! जिल्ह्याचे साहेब आत्ता यायचेत. चला."

बाहेरच्या मांडवात माझ्या गळ्यात हार पडला. समोर खुर्च्यांवर माणसं बसलेली. साहेब म्हणाले, प्रगतिशील शेतकऱ्याने दोन शब्द बोलावेत. मी उभा राहिलो. वाटभर जुळवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं.

घरी पोचलो, तर आई उंबऱ्यातच उभी.

"विचारलास जाब?"

"बोललो."

"काय बोललास रे?"

"आभार मानले."

आई उंबऱ्यातून बाजूला झाली. पाऊस सुरू होईपर्यंत मला दोन्ही वेळा ताटात उतारावर उरलेला साबूकंद मिळाला, नीट उकळून, पाणी फेकून. चुलीवर भातही असायचा. पण तो ज्यांनी आभार मानले नव्हते, त्यांच्यासाठी.